मासा कुठला, ते बिलावर येऊ दे

विश्वामित्री नदीतली मगर घरी आणून पाळावी असं बडोद्यात कोणालाच वाटत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर, सोसायट्यांच्या आवारात आल्या तेव्हा लोकांनी व्हिडिओ काढले, फॉरेस्टवाल्यांना फोन केले, पण हिला हात लावायचा नाही, गुन्हा आहे, हे अगदी शाळेतल्या पोरांनाही पक्कं माहिती होतं. आता त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जा. शोकेसमध्ये द्वारकेच्या ट्रिपमधून आणलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा, आणि देवघराच्या वर काचेच्या फ्रेममध्ये काळं जाळीदार 'इंद्रजाल', वास्तुदोष जावा म्हणून कोणीतरी दिलेलं. ती मगर आणि हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या एकाच शेड्यूलमध्ये आहेत, शेड्यूल १, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाची यादी. असं सांगितलं की माणसं हसतात, "अहो ते तर समुद्रातलं झाड आहे!" झाड कसलं, सी फॅन नाहीतर ब्लॅक कोरल असतं ते, हजारो बारीक प्राण्यांची वसाहत, वाळवून फ्रेम केलेली. शिक्षा पण सारखीच, तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार दंड.

ही जी गंमत आहे ना, की जमिनीवरच्या प्राण्याचा कायदा सगळ्यांना पाठ आणि समुद्रातल्याचा कोणालाच नाही, तीच आता काचेच्या टाकीपर्यंत आलीय. मरीन टँकची फॅशन आलीय शहरात. आधी गोल्डफिश, एंजल, फार तर ऑस्कर एवढ्यावर भागायचं, आता अलकापुरीकडच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, हॉटेलच्या रिसेप्शनला खाऱ्या पाण्याचा टँक, निळा लाइट, त्यात सिनेमातले निमो, म्हणजे क्लाउनफिश, आणि डोरी. मी स्वतः गोड्या पाण्याचा टँक बरीच वर्षं ठेवतोय त्यामुळे हौस म्हणजे काय ते मला कळतं, आणि मासे पाळणं हेच मुळात क्रूर आहे वगैरे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मला भांडायचंय ते एकाच गोष्टीवरून. हा मासा टाकीत जन्मला की समुद्रातून पकडला, पकडला तर कुठून आणि कसा, हे विकत घेणाऱ्याला कळलंच पाहिजे, लेखी, बिलावर. आपले सगळे नियम 'कोणता मासा' एवढंच विचारतात, 'कुठला मासा' हे विचारतच नाहीत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

दुकानात काय चालतं बघा. चेन्नईहून थर्माकोलचे खोके येतात, आत ऑक्सिजन भरून फुगवलेल्या पिशव्या, दुहेरी रबर लावलेल्या, एकेका पिशवीत एक मासा, कोपऱ्यात चिकटून बसलेला. दुकानदार पिशवी न फोडता तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवतो, टेंपरेचर सारखं व्हायला. मी विचारलं हा क्लाउन ब्रीड केलेला आहे का, तर तो अभिमानाने म्हणाला, "ना ना साहेब, आ तो असली दरियानो माल छे, फार्मनो नथी!" म्हणजे त्याच्या हिशोबाने मी क्वालिटी विचारत होतो. गावठी अंडं आणि पोल्ट्रीचं अंडं यातला फरक विचारावा तसा. त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही, त्याला वरच्या होलसेलरने तेच सांगितलेलं असतं, ते खरं आहे की नाही हेही त्याला कळायला मार्ग नाही, आणि कोणताही कायदा त्याला ते विचारत नाही.

फरक पडतो का? खूप पडतो. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक सगळे शेततळ्यात, टाक्यांत वाढवलेले असतात. समुद्राचं उलटं आहे, तिथे बहुतेक माल अजूनही थेट रीफवरून, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांवरून, उचललेला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालात जगभरातला आकडा होता वर्षाला दोन ते अडीच कोटी समुद्री मासे, शिवाय १ कोटी १० लाखांच्या पुढे जिवंत दगडी प्रवाळ, आणि कोळंबी, ॲनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी), शिंपले वगैरे मिळून आणखी कोटभर. चौदाशेच्या वर जातींचे मासे. हे का होतं त्याचं कारण साधं आहे, समुद्री माशांची पिल्लं वाढवणं महाकठीण. बऱ्याचशा रीफ माशांची अंडी उघड्या पाण्यात सोडली जातात, त्यातून निघालेली पिल्लं डोळ्याला धड दिसतही नाहीत, आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात आणि त्यांना त्यांच्याहून बारीक जिवंत खाणं लागतं. हवाईत यलो टँग पहिल्यांदा टाकीत वाढवला तो २०१५ मध्ये, आणि ब्लू टँग, म्हणजे आपली डोरी, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये २०१६ मध्ये. त्याआधी जगातल्या कुठल्याही टाकीत दिसलेली प्रत्येक डोरी समुद्रातून धरून आणलेली होती. आणि अजूनही बहुतेक तशाच येतात, कारण ब्रीड केलेली महाग पडते.

धरायची कशी हाही प्रश्न आहेच. जाळ्याने, संयमाने, एकेक मासा धरणारे लोक आहेत. पण फिलिपिन्समध्ये साठच्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही एक दुसरी पद्धत पसरली, सोडियम सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पिचकारीच्या बाटलीतून रीफच्या फटीत मारायचं, मासा गुंगतो, अलगद हातात येतो. आजूबाजूचं प्रवाळ मरतं. मासा मात्र लगेच मरत नाही, विमानात बसतो, होलसेलरकडे चार दिवस काढतो, आपल्या टाकीत येऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी मरतो, आणि दुकानदार म्हणतो पाणी सूट नाही झालं, सॉल्ट मिक्स बदलून बघा. बायदवे असा मासा दिसायला अगदी ठणठणीत असू शकतो, त्यामुळे काचेबाहेरून बघून काही कळत नाही.

आता आपला कायदा घ्या. २००१ साली सगळी दगडी प्रवाळं, ब्लॅक कोरल, सी फॅन, सगळे समुद्री घोडे, सगळ्या समुद्री काकड्या शेड्यूल १ मध्ये घातल्या. चांगलंच केलं. त्या नंतरच समुद्री घोड्यांची उघड निर्यात थांबली. पण शेड्यूलमध्ये नाव लिहिलंय जातीचं, तिचा जन्म कुठे झाला याला तिथे जागाच नाही. म्हणजे एखाद्याने टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा, म्हणजे फ्रॅग, विकला तर तो गुन्हेगार, आणि दुसऱ्याने रीफवरून ओरबाडून आणलेले शंभर डॅमसेल मासे आणि पन्नास ॲनिमोन विकले तर तो व्यापारी, कारण त्यांची नावं यादीत नाहीत. ॲनिमोन हा प्राणी किती हळू वाढतो, किती वर्षं जगतो, आणि एक ॲनिमोन उचलला की त्यावर राहणारं क्लाउनचं अख्खं कुटुंब बेघर होतं, याची यादीला काही पडलेली नाही.

२०१७ मध्ये केंद्राने एक प्रयत्न केला होता. मे महिन्यात ॲक्वेरियमच्या दुकानांसाठी नियम काढले आणि त्याला १५८ जातींची एक यादी जोडली, हे मासे ठेवायचे नाहीत, दाखवायचे नाहीत, विकायचे नाहीत. गोल फिशबाउलवर बंदी होती, ती मला तर फारच आवडली होती, त्या वाटीत मासा ठेवणाऱ्याला एक दिवस तसंच गोल खोलीत ठेवलं पाहिजे. पण यादीत क्लाउनफिशसुद्धा! अरे, आपल्याच सरकारच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनचं ब्रीडिंग वर्षानुवर्षं मेहनत करून बसवलं, लोकांना ट्रेनिंग दिलं की बाबांनो समुद्रातून धरू नका, हे घ्या तंत्र, घरी वाढवा आणि विका, आणि दुसऱ्या मंत्रालयाने तोच मासा विकायला बंदी घातली. साहजिकच आरडाओरडा झाला, धंदेवाले आणि राज्यं सगळेच उठले, आणि थोड्याच महिन्यांत नियम मागे. मागे घेतले ते घेतले, त्यातलं जे चांगलं होतं तेही गेलं, आणि तेव्हापासून हा विषय कोणी हातात घ्यायला तयार नाही. सरसकट बंदीने हेच होतं, एक तर ती टिकत नाही, किंवा टिकली तर ब्रीडिंग करणारा प्रामाणिक माणूस आधी मरतो आणि चोरून धरणारा शिल्लक राहतो.

ज्यांना वाटतं की जातीच्या यादीने भागतं त्यांनी बांगाई कार्डिनलफिशची गोष्ट ऐकावी. काळे पट्टे, पांढरे ठिपके, लांब पंख, इतका देखणा मासा की नव्वदच्या दशकात हौशी लोकांना कळला आणि इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांवरून त्याची नुसती लूट झाली. तो मूळचा फक्त तिथेच सापडतो. नर अंडी तोंडात धरून बसतो, तेवढे दिवस खात नाही, पिल्लं बाहेर येतात ती तिथेच आसपास राहतात, प्रवाहाबरोबर दूर जाण्याचा टप्पाच त्यांच्या आयुष्यात नाही. त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे संपवले की शेजारच्या खाडीतून नवे वाहून येत नाहीत, जागा रिकामीच राहते. २००७ मध्ये आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, तो संकटग्रस्त ठरवला. आणि गंमत बघा, नेमका हाच मासा टाकीत सहज वाढतो! म्हणजे टाकीत वाढवलेला बांगाई घेणारा माणूस चांगलं काम करतोय आणि समुद्रातला घेणारा त्या जातीचा खड्डा खणतोय, जात एकच, दुकान एकच, कदाचित पिशवीही शेजारी-शेजारी. यादी इथे काय करणार?

यावर आमच्या ग्रुपमधले एक काका नेहमी म्हणतात, तू फालतू गोष्टीच्या मागे लागलायस, कच्छच्या आखातात जामनगरजवळ तेलाच्या पाइपलाइनी, जेट्ट्या, रिफायनऱ्या, एकेकाळी तर तिथली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसून न्यायचे, त्यापुढे दोन-चार मासे म्हणजे काय. आणि समुद्रच तापतोय, २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने जगातलं चौथं मोठं कोरल ब्लीचिंग जाहीर केलं, लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. काकांचं म्हणणं खोटं नाही, ट्रॉलर आणि तापमान यांच्यापुढे टाकीवाल्यांचा वाटा छोटाच आहे, ते मान्य करायलाच पाहिजे. पण धरणारा सरसकट धरत नाही ना, तो वेचून धरतो, जे दुर्मिळ, जे रंगीत, ज्याला भाव. बांगाईला ना रिफायनरीने हात लावला ना सिमेंटने, शौकाने लावला. आणि आजारी माणसाच्या खिशातून शंभराची नोट काढली तर ती छोटीच रक्कम आहे असं म्हणून सोडून देत नाही आपण.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याचं उत्तर मलाही सोपं वाटत नाही. किनाऱ्यावरच्या गरीब माणसाचं काय? ब्राझीलमध्ये रिओ निग्रोच्या काठी बार्सेलोस गावाभोवती लोक पिढ्यानपिढ्या कार्डिनल टेट्रा धरतात, हाताच्या जाळ्याने, आणि तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं असं की या उत्पन्नामुळेच ते जंगल तोडायला जात नाहीत, मासे तर दरवर्षी पूर ओसरल्यावर डबक्यांत अडकून मरतातच. गोड्या पाण्याचं उदाहरण आहे, पण मुद्दा समुद्रालाही लागू. आणि सगळं ब्रीडिंग फ्लोरिडात नाहीतर चेन्नईत होणार असेल तर ज्याच्या दारातला रीफ आहे त्याला तो राखून मिळणार काय? म्हणूनच मी समुद्रातून धरणं पूर्ण बंद करा असं म्हणत नाहीये. हवाईने काय केलं, १९९८ मध्ये कायदा करून कोना बाजूच्या किनाऱ्याचा साधारण ३५ टक्के भाग टाकीसाठी मासे धरणाऱ्यांना बंद केला, बाकीचा चालू ठेवला, आणि बंद भागात यलो टँगची संख्या वाढलेली मोजून दाखवली. मोजून, हा शब्द महत्त्वाचा. तरीही पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरणाचा आढावा झाल्याशिवाय परवाने द्यायचे नाहीत. आणि आपल्याकडे लक्षद्वीपला अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने बेटावरच्याच बायकांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं, म्हणजे रीफ ज्यांचा, धंदाही त्यांचाच. असं झालं तर मला तरी तक्रार नाही.

गुजरातला हे शिकवायला बाहेरचा माणूस नको खरं तर. व्हेल शार्कला २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्याने सौराष्ट्रातली शिकार कुठली थांबायला. २००४ मध्ये मोहीम निघाली, रामकथाकार मोरारीबापूंनी सांगितलं की ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका, आणि त्याच्या जोडीला सरकारने जाळं कापून मासा सोडणाऱ्या कोळ्याला जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. नुसता बापूंचा शब्द असता तर किती दिवस चालला असता माहीत नाही, नुसते पैसे असते तर खोटी बिलं आली असती. दोन्ही होतं म्हणून वेरावळच्या बाजूला कोळी स्वतः जाळी कापून व्हेल शार्क सोडायला लागले, शेकडो सोडले.

आणि बडोद्याने तर या बाबतीत फारच शहाणपणा दाखवलेला आहे, फक्त आपण विसरलो. द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांचं होतं. म्हणजे आज ज्या किनाऱ्यावरून लोक खिशात प्रवाळ घालून आणतात तो आपल्याच संस्थानाचा किनारा. तिथल्या मोत्यांच्या शिंपल्यांतून, शंखांतून उत्पन्न निघेल का असा विचार सयाजीरावांच्या सरकारने केला तेव्हा आधी जेम्स हॉर्नेल नावाच्या समुद्रजीवांच्या तज्ज्ञाला बोलावून किनाऱ्याची पाहणी करवली, तिथे काय काय जगतं त्याचा अहवाल बडोदा सरकारला १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत सादर झाला. शंभर वर्षांपूर्वी, एका संस्थानाने. आधी बघा काय आहे, मग ठरवा काय काढायचं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघायला आपण पोरांना नेतो, या अहवालाबद्दल मात्र कोणी एक पाटी लावत नाही. तोच किनारा पुढे देशातल्या पहिल्या मरीन नॅशनल पार्कला जोडून आला, १९८० मध्ये अभयारण्य, १९८२ मध्ये नॅशनल पार्क. नरारा बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, फॉरेस्टची परवानगी घेऊन, गाइड गुडघाभर पाण्यात पफर दाखवतो, ऑक्टोपस दाखवतो आणि परत जिथल्या तिथे सोडतो. ज्यांना मरीन टँक लावायचाय त्यांनी आधी एकदा जाऊन यावं, निम्म्यांची हौस तिथेच फिटेल.

आता करायचं काय. बिलावर तीन गोष्टी. जातीचं नाव, नुसतं 'निमो' किंवा 'मिक्स डॅमसेल' चालणार नाही. टाकीत जन्मलेला की समुद्रातला. जन्मलेला असेल तर कोणत्या हॅचरीत, धरलेला असेल तर कोणत्या किनाऱ्यावर आणि कशाने. जे मासे टाकीत उपाशीच मरतात, मँडरिनसारखे, ज्यांना दिवसभर जिवंत बारीक किडे टिपत फिरायचं असतं, किंवा क्लीनर रास, ज्याचं पोट दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन भरतं, ते समुद्रातून धरलेले विकायलाच नकोत. ॲनिमोनही तसंच. आणि प्रवाळाच्या बाबतीत मी आमच्या हौशी मंडळींच्या विरोधात आहे, त्यांना वाटतं टाकीत वाढवलेला फ्रॅग आता कायद्यातून सोडवा. नको. रीफवरून तोडलेला तुकडा चार महिने टाकीत ठेवला की तोही टाकीतलाच दिसतो, मुळाची नोंद ठेवायची व्यवस्था आधी चार-पाच वर्षं माशांवर चालवून दाखवा, मग प्रवाळाचं बोलू.

होलसेलर म्हणतील अशक्य आहे, एवढ्याशा माशाची कसली नोंद. सोन्याच्या बाबतीत पण सराफांनी हेच म्हटलं होतं ना. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी हॉलमार्क नंबर नसलेला दागिना विकता येत नाही, आणि बडोद्याच्या मांडवीतली दुकानं काही बंद पडलेली नाहीत. योगायोग म्हणजे वन्यजीव कायद्याची नवी शेड्यूलं लागू झाली तीही त्याच तारखेला, आणि त्यानुसार मॅकॉ नाहीतर आफ्रिकन ग्रे पाळणारे लोक २०२४ पासून पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर आपल्या पोपटांची नोंद करतायत, कुरकुर करत का होईना. होलसेलरची खरी अडचण वेगळीच आहे, एकाच खोक्यात ब्रीड केलेले आणि धरलेले क्लाउन मिसळून येतात, आणि ते वेगळे काढले की धरलेल्याचा स्वस्त भाव उघडा पडतो.

तपासणार कोण हा रास्त प्रश्न आहे. बडोद्याच्या फॉरेस्टवाल्यांकडून ही अपेक्षा करू नका, त्यांचा अर्धा पावसाळा मगरी उचलण्यात जातो. पण नवा कायदा तरी कशाला हवा? २०१८ चे पेट शॉपचे नियम आहेतच, दुकानाने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, कोणता प्राणी कुठून आणला, कोणाला विकला याची वही ठेवायची. त्यात कुत्रा आहे, मांजर आहे, ससा, हॅमस्टर, उंदीर, पिंजऱ्यातले पक्षी आहेत. मासा नाही. व्याख्येत एक शब्द घालायचाय, आणि वहीत एक रकाना.